पाइंट निवळेपर्यंत : लंडनच्या आयरिश पबमधले सहा दिवस

आमच्या भजनी मंडळात मी वीस वर्षं पखवाज वाजवतो. खूप वर्षांपूर्वी एका मित्राकडे आयरिश फिडलची, म्हणजे व्हायोलिनची, कॅसेट ऐकली आणि तिथून हे वेड लागलं. एक चाल संपते न संपते तोच दुसरी सुरू, मध्ये श्वास घ्यायलाही जागा नाही, अगदी आपल्या चक्री भजनासारखं. हे वाजवणारे लोक एकत्र बसतात कसे, कोण कोणाला खूण करतो, ते समोर बसून पाहायचं असं तेव्हापासून मनात होतं. आणि ते पाहायचं तर सभागृहात नाही, पबमध्येच जायला हवं.

मग आयर्लंड सोडून लंडन का? एक तर ताई तिथे राहते. दुसरं म्हणजे, पबमध्ये गोल करून बसायचं आणि वाजवायचं ही पद्धत आज जशी दिसते तशी घडण्यात लंडनचा वाटा मोठा आहे. गावाकडे हे संगीत घरात, चुलीपाशी वाजायचं. दुसऱ्या महायुद्धानंतर हजारो आयरिश माणसं कामासाठी लंडनला आली. भाड्याच्या खोलीत ना चूल, ना जागा, ना घरमालकिणीची परवानगी. मग माणसं वाद्यं काखेत मारून पबमध्ये जाऊन बसली.

पहिला दिवस, मंगळवार

ताई डॉलिस हिलला राहते. सव्वीस वर्षं इथल्या एका रुग्णालयात नर्स आहे. सकाळी पोचलो, पोहे खाल्ले, दोन तास झोपलो आणि दुपारी जुबिली लाइन पकडून मध्य लंडन गाठलं.

पहिला पब चुकला. त्याचं नाव लिहीत नाही. बाहेर हिरवी पाटी, आत छताला टांगलेली सायकल, आयर्लंडमधलं गॉलवे किती मैल ते सांगणारा रस्त्यावरचा फलक, फळीवर चहाचे आणि बिस्किटांचे जुने डबे. आयर्लंडच्या खेड्यांत पब आणि किराणा दुकान एकच असायचं. एका बाजूला साखर, चहा, खिळे-मोळे आणि दुसऱ्या बाजूला पिंप. म्हणजे फळीवर डबे असणं यात खोटं काहीच नाही. पण मी एक डबा हलवून पाहिला, तर तो फळीला स्क्रूने पक्का केलेला होता. १९९०च्या दशकापासून अशा सजावटीचे अख्खे पब आयर्लंडमधून सुट्या भागांत जगभर जाऊ लागले, आणि जिथे जातील तिथे जोडून उभे राहिले. माझा पाइंट, म्हणजे गिनिस या काळ्या आयरिश बिअरचा मोठा ग्लास, अर्ध्या मिनिटात हातात आला, तोही फेस ओघळणारा. अर्धा पिऊन उठलो.

तिथून चालत सोहो स्क्वेअरजवळच्या कार्लाइल स्ट्रीटवर टूकन नावाच्या पबमध्ये गेलो. खोली एवढीशी, म्हणून निम्मी माणसं थंडीत फुटपाथवर उभी. भिंतींवर गिनिसच्या जुन्या जाहिराती, त्यात चोचीवर ग्लास तोललेला तो टूकन पक्षी. जॉन गिलरॉय या चित्रकाराने १९३०च्या दशकात तो जाहिरातीत आणला. पण मी सगळं सोडून नळाकडेच बघत उभा राहिलो.

बारमागच्या मुलीने ग्लास तिरपा धरला आणि पाऊण भरला. मग तो तसाच बाजूला ठेवला आणि ती दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळली. ग्लासात सुरुवातीला सगळं तपकिरी, गढूळ. मग काचेलगत बुडबुडे खाली जाताना दिसायला लागले. बुडबुडे खाली जातात हे पाहून मी वाकून डोळा ग्लासाला लावला. मधल्या भागात ते वर चढत असतात, त्यांच्याबरोबर द्रवही वर ओढला जातो आणि कडेने खाली उतरतो, उतरताना लहान बुडबुड्यांना घेऊन जातो. हे बुडबुडे मुख्यतः नायट्रोजनचे. हा वायू द्रवात सहज विरघळत नाही, त्याचे बुडबुडे अगदी बारीक होतात, म्हणून फेस सायीसारखा दाट बसतो. गिनिसमध्ये काम करणाऱ्या मायकल अ‍ॅश या गणितज्ञाने १९५९च्या सुमारास हे तंत्र बसवलं. तळापासून काळेपणा चढत गेला, वर पांढरी साय वेगळी झाली, तेव्हा मुलगी परत आली आणि तिने ग्लास सरळ धरून काठोकाठ भरला. कंपनी या सगळ्याला ११९.५ सेकंद सांगते. आपल्याकडे तुरटी फिरवलेलं पाणी निवळतं ना, तसं हे निवळणं. ते होईपर्यंत कोणी ग्लासाला हात लावत नाही. माझ्या शेजारी उभा असलेला माणूसही बोलणं थांबवून आपल्या ग्लासाकडे बघत होता.

चव कॉफीच्या जवळची, भाजलेल्या सातूची, शेवटाला कडवट. ताकद कमी, चार टक्क्यांच्या आसपास. ५६८ मिलिलिटरचा एक पाइंट तासभर पुरतो.

नंतर पिकॅडिली सर्कसजवळच्या डेव्हनशायरमध्ये डोकावलो. २०२३ साली उघडलेला पब, गिनिससाठी लंडनभर नाव झालेलं. गर्दी इतकी की दारातूनच परत फिरलो.

रात्री ताई म्हणाली, "अरे, ही सगळी पाहुण्यांची ठिकाणं. उद्या आमच्या सिस्टर भेटतील. त्या दाखवतील."

दुसरा दिवस, बुधवार

सिस्टर म्हणजे ताईच्या वॉर्डातल्या जुन्या प्रमुख. आयर्लंडमधल्या मेयो काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या. १९६४ साली अठराव्या वर्षी नर्सिंग शिकायला लंडनला आल्या त्या इथल्याच झाल्या. त्या दुपारी भेटणार होत्या, म्हणून सकाळी भावजींनी मला डॉलिस हिल लेनवरच्या महाराष्ट्र मंडळात नेलं आणि तिथून ग्लॅडस्टन पार्कमधून क्रिकलवुडकडे चालत निघालो.

या पाऊण तासाच्या वाटेने मला खूप काही दिलं. ग्लॅडस्टन म्हणजे ब्रिटनचे पंतप्रधान. आता पार्क आहे तिथल्या डॉलिस हिल हाउसमध्ये ते पाहुणे म्हणून येऊन राहायचे. याच माणसाने १८८६ आणि १८९३ मध्ये आयर्लंडला होमरूल देण्याची विधेयकं मांडली. दोन्ही पडली. पण 'होमरूल' हा शब्द आयर्लंडहून निघून आपल्याकडे आला. १९१६ साली लोकमान्य टिळकांनी बेळगावात होमरूल लीग काढली, तिचे अध्यक्ष जोसेफ बॅप्टिस्टा आणि चिटणीस न. चिं. केळकर. केळकरांनी आयर्लंडचा इतिहासही मराठीत लिहिला होता. आणि १९३२ साली लंडनचं महाराष्ट्र मंडळ सुरू झालं तेही याच केळकरांच्या पुढाकाराने. मंडळ या भागात फार नंतर आलं. पण एका टोकाला केळकरांचं मंडळ, मध्ये ग्लॅडस्टनचं नाव आणि दुसऱ्या टोकाला आयरिश माणसांचं क्रिकलवुड, हे तिन्ही एका चालीत येतं. मी भावजींना म्हणालो, "इथे एक पाटी लावायला हवी." ते म्हणाले, "तू लिहून दे, मी मंडळात सांगतो." लिहून देणार आहे.

क्रिकलवुड ब्रॉडवेवर क्राउन या जुन्या पबसमोर सिस्टर उभ्या होत्या. निळा कोट, हातात काठी, पण पाठ ताठ. क्राउन ही १९०० च्या सुमाराची भव्य, नक्षीदार इमारत, संरक्षित वास्तू, आता हॉटेलचा भाग. सिस्टर आत गेल्याच नाहीत. रस्त्याच्या कडेला काठी टेकून म्हणाल्या, "इथे. सकाळी सहाला माझा भाऊ इथे उभा राहायचा."

पहाटे शेकडो माणसं या फुटपाथवर उभी असायची. कंत्राटदारांच्या गाड्या यायच्या. मुकादम उतरून माणसं निवडायचा, तू, तू आणि तू. ज्याच्याकडे बोट वळलं नाही तो खोलीवर परत किंवा पबचं दार उघडायची वाट बघत. मी मुंबईचा. दादर-ठाण्याच्या मजूर नाक्यावर डबा आणि थापी घेऊन उभी असलेली माणसं लहानपणापासून पाहिलेली. मला पुढचं सांगावं लागलं नाही.

१९५०च्या दशकात आयर्लंडमधून चार लाखांहून जास्त माणसं बाहेर पडली. डब्लिनजवळच्या बंदरातून रात्रीची बोट, मग होलीहेडहून गाडी, सकाळी लंडनचं यूस्टन स्टेशन. १९५९ साली खुला झालेला एम-वन महामार्ग, १९६८ साली सुरू झालेली व्हिक्टोरिया लाइन, यांची खोदाई या हातांनी केली. पुष्कळांना मजुरी रोखीने मिळायची, कुठल्याच कागदावर नाव न लागता. याला ते 'लम्प' म्हणत. त्या वेळी हातात चार पैसे जास्त यायचे, पण म्हातारपणी कळायचं की आपली पेन्शन नाही, कारण सरकारदरबारी आपण काम केलेलंच नाही. आठवड्याचा चेक पबमध्येच वटवायचा, कारण बँकेत खातं नाही. चेक वटवला की त्याच गल्ल्यावर प्यायलाच हवं. सिस्टर हे सांगताना चिडल्या. "माझा भाऊ वाईट नव्हता," त्या म्हणाल्या. "शुक्रवार वाईट होता."

थोडं पुढे गॅल्टीमोर होतं, आयरिश लोकांचं नाचघर. दोन मोठे हॉल, एकात गावाकडचा केली नाच, दुसऱ्यात बँड. १९५२ ते २००८. सिस्टरांना त्यांचा नवरा तिथेच भेटला. त्या जागेसमोर त्या दोन मिनिटं गप्प उभ्या राहिल्या.

मग बसने किलबर्न. हाय रोडवरच्या एका साध्या पबमध्ये, खिडकीलगत बसलो. सिस्टरांनी हाफ, म्हणजे अर्धा पाइंट, मागवला आणि टेटो वेफर्सचं पाकीट. पाकीट त्यांनी वरून उघडलं नाही. शिवणीतून उभं फाडलं आणि केळीच्या पानासारखं टेबलाच्या मधोमध पसरलं. "पब चांगला की वाईट कसं ओळखायचं?" मी विचारलं.

त्यांनी बारमागच्या आरशाकडे बोट केलं. "आरशाच्या कडेला काय खोचलंय ते बघायचं."

त्यांच्या भावाला चौदा वर्षं पक्का पत्ता नव्हता. आज या खोलीत, उद्या त्या साइटवरच्या झोपडीत. आईची पत्रं मेयोहून यायची ती पबच्या पत्त्यावर, पाकिटावर भावाचं नाव आणि खाली पबचं. मालक ते पत्र आरशाच्या चौकटीत खोचून ठेवायचा. भाऊ दोन महिन्यांनी आला तरी पत्र तिथेच. मालकाच्या बायकोने कधी कधी ते वाचूनही दाखवलेलं. आई गेल्याची तारही त्याच आरशात खोचलेली त्याला मिळाली.

मला बोलता येईना. माझे आजोबा देवरुखजवळच्या एका वाडीतून मुंबईला आले ते लालबागला गाळ्यात राहिले. एका खोलीत तीस-चाळीस माणसं, सगळी एकाच गावची, पाळी बदलली की झोपायची जागा बदलायची. वळकट्या, खुंटीवर सदरे, कोपऱ्यात ट्रंका. आजीची पत्रं त्या गाळ्याच्या पत्त्यावर यायची आणि जो घरी असेल तो ती देवाच्या तसबिरीमागे खोचून ठेवायचा. मी हे सिस्टरांना सांगितलं. ताईलाही हे माहीत नव्हतं, ती माझ्याकडे बघत राहिली.

निघताना सिस्टर आणखी एक सांगून गेल्या. १९७०च्या दशकात आयआरए या सशस्त्र आयरिश संघटनेने बॉम्बस्फोट केले, १९७४ साली दहशतवादविरोधी कायदा आला, त्यानंतर बसमध्ये त्या तोंड उघडत नसत. दोन शब्द बोललं की आयरिश हेल कळायचा आणि माना वळायच्या. १९७५च्या डिसेंबरात तर किलबर्नमधल्या आयरिश पबवरच, बिडी मलिगन्सवर, आयआरएच्या विरोधातल्या, ब्रिटनच्या बाजूच्या गटाने बॉम्ब टाकला. तरीही माणसं पबमध्ये जात राहिली. आपल्या आवाजात मोठ्याने बोलायची तेवढीच एक जागा होती.

तिसरा दिवस, गुरुवार

दिवसभर पाऊस. घरीच बसलो. ताईने आमटी-भात केला आणि मी संध्याकाळची वाट बघितली, कारण दक्षिण लंडनमधल्या ब्लाइद हिल टॅव्हर्नमध्ये गुरुवारी आयरिश संगीताची बैठक असते.

लंडन ब्रिज स्टेशनवरून गाडीने कॅटफर्ड ब्रिज आणि तिथून चढाची दहाएक मिनिटं चाल. वाहत्या मोठ्या रस्त्यावरचा जुना पब, आत छोट्या छोट्या लाकडी खोल्या, बारमागे पांढरा शर्ट आणि टाय लावलेली माणसं. तो टाय मला फार आवडला. आपल्या घरी आलेल्या माणसाचा मान ठेवायची ती रीत आहे.

कोपऱ्यात टेबलाभोवती सात जण. दोन फिडल, एक लाकडी बासरी, एक बटणांचं अकॉर्डियन, एक काँसर्टिना, एक बोडरान आणि इलन पाइप्स. हे पाइप्स तोंडाने फुंकत नाहीत. एका काखेत भाता, दुसऱ्या काखेत पिशवी, कोपराने हवा भरायची. इलन या आयरिश शब्दाचा अर्थच कोपर. वाजवणारी बाई इतकी शांत बसली होती की फक्त कोपर आणि बोटं हलत होती.

मंच नाही, ध्वनिक्षेपक नाही, श्रोत्यांकडे तोंडही नाही. ते एकमेकांकडे तोंड करून बसतात. आपण ऐकायचं ते त्यांच्या पाठीमागून. सुरुवातीला मला ते परकं वाटलं, मग आठवलं की आमच्या मंडळातही एकादशीला आम्ही असेच बसतो.

प्रत्येक चालीचे दोन भाग, आठ-आठ मात्रागटांचे, प्रत्येक भाग दोनदा. म्हणजे धृपद दोनदा, अंतरा दोनदा. हे पूर्ण आवर्तन तीनदा झालं की न थांबता दुसरी चाल. पहिला प्रकार जिग, सहाच्या वजनाचा, आपल्या दादऱ्याचं चालतं रूप. मग रील, चारच्या वजनाचे, केरवा द्रुत लयीत धरावा तसे. माझं सगळं लक्ष बदलाच्या जागेवर होतं. तिसरं आवर्तन संपत आलं की एक फिडलवाला भुवई उचलायचा, बस. कधी तोंडाने छोटासा 'हप्'. आणि पुढच्या मात्रेवर सात जण एका नव्या चालीत, नव्या सुरात. त्या क्षणी खोलीतल्या माणसांची पाठ सरळ होते. चक्री भजनात एका अभंगावरून दुसऱ्यावर उडी घेताना टाळकऱ्यांचे पाय जसे जमिनीवरून सुटतात, तेच. मी कॅसेटवर हे शंभर वेळा ऐकलं होतं, पण भुवई कॅसेटवर दिसत नाही.

मग एका म्हाताऱ्याने गाणं धरलं. साथ नाही, एकटा आवाज, डोळे मिटलेले. बारवरच्या माणसाने नळ सोडून दिला. गिऱ्हाईक पैसे हातात धरून उभं. शेजारच्या बाईने गाणाऱ्याचा हात हातात घेतला आणि गाण्याच्या लयीत हळूहळू गोल फिरवत राहिली, दळताना जात्याचा खुंटा फिरवावा तसा. शेवटची ओळ आली आणि त्याने शेवटचे चार शब्द गायलेच नाहीत, बोलले. साध्या बोलण्याच्या आवाजात. ही जुनी रीत आहे, गाणं संपलं, माणूस परत आला, असं सांगण्याची. माझ्या अंगावर काटा आला.

मधल्या सुटीत बोडरानवाल्याने माझ्या मांडीवर चालणारी बोटं पाहिली होती. "ड्रमवाला?" त्याने विचारलं आणि वाद्य माझ्या हातात दिलं. बकरीच्या कातड्याची, परातीएवढा डफ. मागून आत हात घालून कातड्यावर दाबायचा, पुढून दोन टोकांच्या काडीने वाजवायचं. "हीटर लागले की कातडं ताणतं, मग पाणी चोळतो," तो म्हणाला. मी सांगितलं, आमच्या पखवाजाला डाव्या अंगाला भिजवलेली कणीक लावतात, रोज ताजी, वाजवून झालं की खरवडून काढायची. त्याने फिडलवाल्याला हाक मारली, "हे ऐक, कणीक!" पुढची दहा मिनिटं सगळं टेबल कणकेबद्दल प्रश्न विचारत होतं. किती घट्ट? मीठ घालता का? काढलेल्या कणकेचं काय करता?

शेवटची गाडी चुकायला नको म्हणून अकराच्या आधी उठलो.

चौथा दिवस, शुक्रवार

चॉक फार्मला उतरून किंग हेन्रीज रोडवर १० क्रमांकाच्या घरी गेलो. १९२१-२२ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकताना बाबासाहेब आंबेडकर इथे राहिले. महाराष्ट्र सरकारने २०१५ साली ते घर घेतलं. तासभर बसलो. त्याबद्दल वेगळं लिहायला हवं, इथे दोन ओळींत उरकणं योग्य नाही.

तिथून कॅमडनपर्यंत पायी. आर्लिंग्टन हाउस पाहिलं, १९०५ साली एकट्या कामगारांसाठी बांधलेली विटांची प्रचंड इमारत. हजाराहून जास्त माणसांची सोय, प्रत्येकाला एक पलंग मावेल एवढी कोठडी. कित्येक आयरिश माणसांचं उभं आयुष्य त्यात गेलं. खिडक्या मोजायला लागलो आणि सोडून दिलं.

इथून पुढे एका पबमध्ये जायचं होतं. तिथल्या बैठकीबद्दल बोडरानवाल्याने आवर्जून सांगितलेलं. पत्ता बरोबर, इमारत तीच, दारावरची जुनी फरशीतली नक्षीही तीच, पण आत पाळणाघरासारख्या रंगीत भिंती आणि वर विक्रीला काढलेल्या सदनिकांचा फलक. बाजूच्या दुकानदाराने सांगितलं, दोन वर्षं झाली. जमिनीचा भाव वाढतो, मालक विकतो, आणि आरशात खोचलेली पत्रं कुठे जातात कोण जाणे. मला त्याचा खरोखर राग आला. जुनी वास्तू वाचवायला कायदा आहे, भिंत वाचते, नक्षी वाचते. तिथे बसणारी माणसं मात्र पांगतात.

संध्याकाळी मॉर्निंग्टन स्ट्रीटवरच्या शीपहेवन बेमध्ये बसलो. डोनेगॉलच्या एका खाडीचं नाव. पडद्यावर गेलिक खेळ, म्हणजे आयरिश फुटबॉल आणि काठी-चेंडूचं हर्लिंग, लागतात, आणि बाजूच्या टेबलावर कोणत्या काउंटीने कोणाला कधी हरवलं यावर वाद चालू होता. कोल्हापूरच्या पेठांचा फुटबॉल ज्यांनी पाहिलाय त्यांना तो वाद शब्द न कळताही कळेल.

पाचवा दिवस, शनिवार

बसने स्टोक न्यूइंग्टन. चर्च स्ट्रीटवरचा ऑल्ड शिलेली. १९९१ पासूनचा. बाहेरून एका दुकानाच्या गाळ्याएवढी रुंदी, आत शिरलं की बोळासारखं लांबच लांब. लंडनमधला सगळ्यात चांगला पाइंट इथला, असं मला चार वेगवेगळ्या माणसांनी सांगितलं होतं. मी सहा दिवसांत प्यायलेल्यांपैकी तरी हाच. प्रत्येक घोटानंतर ग्लासाच्या आत फेसाचं एक कडं उरत गेलं, शेवटी झाडाच्या खोडातल्यासारखी सात कडी. ग्लास स्वच्छ, नळ्या धुतलेल्या आणि पिंप रोज रिकामं होणारं, या तीन गोष्टी असतील तर असं होतं, बारवाला म्हणाला. ताई आणि भावजीही आले होते. भावजींनी सांगितलं, १९३६ ते २००५ गिनिसचा कारखाना लंडनमध्येच होता, पार्क रॉयलला, आमच्या घरापासून फार लांब नाही. आता इथे येतं ते डब्लिनहून.

सहावा दिवस, रविवार

संध्याकाळी विमान. दुपारी एकटाच पुन्हा किलबर्नला गेलो आणि सिस्टरांनी दाखवला होता त्याच पबमध्ये बसलो. त्याचंही नाव लिहीत नाही, कारण तिथे रोज येणाऱ्या आठ-दहा म्हाताऱ्यांना बसायला जागा उरली पाहिजे. जुना गालिचा, बारवर आयरिश पोस्ट या वृत्तपत्राचा अंक, पडद्यावर कुठल्याशा क्लबांचा हर्लिंगचा सामना.

आरशाच्या चौकटीकडे पाहिलं. पत्रं नाहीत आता. श्राद्धाच्या प्रार्थनेची दोन छोटी कार्डं होती, फोटोसहित, एका लग्नाची पत्रिका, आणि एक चावी, तिला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी. चिठ्ठीवर फक्त एक पहिलं नाव.

बारमागच्या बाईने माझा पाइंट पाऊण भरून बाजूला ठेवला. शेजारच्या स्टुलावर टोपी घातलेला एक म्हातारा, ऐंशीच्या पुढचा. हात एवढे मोठे की ग्लास त्यात लहान दिसत होता. उजव्या हाताची दोन बोटं पेरापासून नव्हती.

"तुम्ही कुठले?" त्याने विचारलं.

"इंडिया."

"ते दिसतंय. इंडियात कुठले?"

"मुंबई."

"मुळचे?"

सहा दिवसांत हे मला कळलं होतं. इथे देश सांगून भागत नाही, शहर सांगूनही नाही. काउंटी सांगायची, मग गाव, मग वाडी. "नाही," मी म्हणालो. "देवरुखजवळचे. डोंगराच्या पायथ्याशी वाडी आहे. लाल माती, भात, पाऊस पुष्कळ."

"पाऊस आमच्याकडेही. लिट्रिम." तो थोडा वेळ सामना बघत राहिला. "मग सोडलं का गाव?"

"आजोबांनी सोडलं. काम नव्हतं."

"हं," तो म्हणाला. "आमच्याकडेही नव्हतं."

त्याने खिशातून टेटोचं पाकीट काढलं, शिवणीतून उभं फाडलं आणि दोघांच्या मध्ये पसरून ठेवलं. माझा पाइंट अजून निवळत होता.